विश्लेषण : पाऊस किती झाला, यापेक्षा कधी झाला? द्राक्षबाग आणि वाइनचे हवामानाशी नाते काय?

जानेवारी सरत आला की ट्रॉम्बे, मानखुर्द, चेंबूरच्या रस्त्यांवर हातगाड्यांत हिरव्या-काळ्या द्राक्षांचे ढीग दिसू लागतात. वाशीच्या घाऊक बाजारातून खाडीपूल ओलांडून आलेला हा माल एक-दोन दिवसांपूर्वी दिंडोरी, निफाड किंवा नारायणगावच्या वेलीवर असतो. अंतर दोनशे किलोमीटरच्या आसपासचे. तरीही ट्रॉम्बेत द्राक्षबाग उभी राहू शकत नाही आणि नाशिकमध्ये ती हजारो कुटुंबांचा संसार चालवते. या फरकामागे आहे हवामान. मात्र ज्या हवामानाच्या भरवशावर राज्यातील द्राक्षशेती आणि वाइन उद्योग उभा राहिला, तेच आता वेळापत्रक पाळेनासे झाले आहे. २०२५ च्या लांबलेल्या पावसाने हे पुन्हा दाखवून दिले. द्राक्षाला नेमके कोणते हवामान लागते आणि कोणत्या महिन्यातला पाऊस बागायतदाराचे वर्ष बुडवतो, याचा आढावा.

ट्रॉम्बेत द्राक्ष का पिकत नाही?

ट्रॉम्बे आणि नाशिक या दोन्ही ठिकाणी पाऊस आणणारे वारे एकच, अरबी समुद्रावरून येणारे नैर्ऋत्य मोसमी वारे. समुद्रकिनारी ते बाष्पाने भरलेले असतात. मुंबई उपनगरात सांताक्रूझ वेधशाळेत जून ते सप्टेंबर या चार महिन्यांची सरासरी सुमारे २,३०० मिलिमीटर आहे. पुढे सह्याद्रीची भिंत लागते. वारे वर चढतात, थंड होतात आणि उरलेले बाष्प घाटमाथ्यावर रिते करतात. त्यामुळे इगतपुरीत तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. घाट ओलांडल्यावर वारे खाली उतरू लागतात, तापतात आणि कोरडे होतात. म्हणूनच नाशिक शहरात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस होतो आणि पूर्वेकडे निफाड, येवल्याकडे जाताना तो आणखी कमी होत जातो. या पट्ट्याला पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात. राज्यातील जवळपास सगळी द्राक्षशेती याच छायेत आहे. नाशिक, जुन्नर, सोलापूर, तासगाव ही नावे नकाशावर जोडली तर सह्याद्रीला साधारण समांतर जाणारी रेघ तयार होते.

दुसरे कारण रात्रीच्या थंडीचे. समुद्र दिवसभराची उष्णता धरून ठेवतो आणि रात्री सोडतो. त्यामुळे जानेवारीतही उपनगरांत किमान तापमानाची सरासरी १६-१७ अंश सेल्सिअसच्या आसपास राहते. समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवरच्या नाशिकमध्ये त्याच महिन्यात ती १० अंशांच्या आसपास असते. दिवसा ऊन आणि रात्री गारवा हे अंतर द्राक्षाची गोडी आणि आंबटपणा दोन्ही राखते.

तिसरे कारण हवेतील दमटपणा. ट्रॉम्बेच्या एखाद्या गच्चीवर हौसेने लावलेला वेल वाढेल, पाने धरील, कदाचित चार घडही देईल. पण खाडीकाठच्या दमट हवेत बुरशी पाठ सोडणार नाही. नाशिकच्या बागेशी ट्रॉम्बेचा संबंध येतो तो निराळ्या वाटेने. राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सच्या इथल्या कारखान्यात तयार होणारे ‘सुफला’ खत राज्यभरातील शेतांत जाते आणि हिवाळ्याच्या अखेरीस द्राक्षे खाडी ओलांडून इकडे येतात.

थंडीच नसलेल्या प्रदेशात वेलीला विश्रांती कशी मिळते?

जगातील बहुतेक प्रसिद्ध वाइन प्रदेश विषुववृत्तापासून साधारण ३० ते ५० अंश अक्षांशांच्या पट्ट्यात आहेत. तेथे हिवाळ्यात वेल पाने गाळून झोपी जातो, वसंतात फुटतो, उन्हाळ्यात मणी भरतात आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये काढणी होते. कधी झोपायचे, कधी उठायचे हे निसर्ग ठरवतो. नाशिक २० अंश अक्षांशावर आहे. इथला हिवाळा वेलीला झोपवण्याइतका कडक नसतो, त्यामुळे वेल वर्षभर हिरवा राहतो.

ही गोष्ट जुनीच. चौदाव्या शतकात दौलताबादला आलेला प्रवासी इब्न बतूता याने तेथील द्राक्षे आणि डाळिंबे वर्षातून दोनदा येतात, अशी नोंद करून ठेवली आहे. आजच्या बागायतदाराला दोन पिके नको आहेत, त्याला हवे आहे चांगले असे एकच. म्हणून तो निसर्गाचे काम कात्रीने करतो.

एप्रिलमध्ये ‘खरड छाटणी’ होते. काड्या ओलांड्याजवळ छाटल्या जातात आणि नव्या काड्या वाढू लागतात. या काड्यांवर फळ घ्यायचे नसते. त्या पुढच्या हंगामासाठी तयार करायच्या असतात. पावसाळाभर वेल केवळ पाने आणि काड्या सांभाळतो. मग पाऊस ओसरला की साधारण ऑक्टोबरमध्ये ‘गोडी छाटणी’ किंवा फळछाटणी होते. पक्व काडीवर ठरावीक डोळे राखले जातात, ते एकसारखे फुटावेत म्हणून हायड्रोजन सायनामाइडचे ‘पेस्टिंग’ केले जाते आणि त्या डोळ्यांतून फुटव्यासोबत घड बाहेर पडतो. तेथून चार-साडेचार महिन्यांत, म्हणजे जानेवारी ते मार्च-एप्रिल या काळात काढणी होते.

हे सारे वेळापत्रक एका गृहीतकावर उभे आहे. ते असे की एप्रिल-मे कोरडा आणि कडक उन्हाचा असेल, जून ते सप्टेंबर पाऊस पडेल आणि ऑक्टोबरपासून पुन्हा आकाश निरभ्र होईल. युरोपात काढणीचा काळ पावसाच्या तोंडावर येतो. नाशिकने ती कोरड्या हिवाळ्यात आणली. राज्याच्या द्राक्षशेतीचे यश या एका युक्तीत आहे आणि तिचा धोकाही त्यातच आहे.

मे महिन्यातल्या पावसाचा ऑक्टोबरशी काय संबंध?

द्राक्षशेतीतील ही सर्वात कमी माहीत असलेली बाब आहे. ऑक्टोबरमध्ये दिसणारा घड प्रत्यक्षात मे-जूनमध्येच ठरलेला असतो. खरड छाटणीनंतर साधारण ४० ते ६० दिवसांच्या काळात नव्या काडीवरील डोळ्यांच्या आत सूक्ष्म घड तयार होतात. डोळ्याने ते दिसत नाहीत. डोळा कापून सूक्ष्मदर्शकाखाली तपासावा लागतो. या काळात पानांवर लख्ख ऊन पडले, तापमान चांगले राहिले आणि वेलीला पाणी बेताचे मिळाले तर डोळ्यात घड तयार होतो. आकाश सतत ढगाळ राहिले, जमिनीत ओल साठली तर वेलीतील संजीवकांचे प्रमाण बदलते, वेल शाखीय वाढीकडे वळतो आणि त्याच जागी घडाऐवजी बाळी, म्हणजे आधाराला विळखा घालणारा तंतू तयार होतो. मधली अवस्था आली तर अर्धवट वाढलेला ‘गोळी घड’ हाती येतो.

२०२५ मध्ये हेच घडले. मे महिन्यात राज्यभर अवकाळी पाऊस झाला. त्यापाठोपाठ मोसमी पाऊस २६ मे रोजीच मुंबईत पोहोचला. त्याची नेहमीची तारीख ११ जून. मुंबईकरांसाठी हा पंधरवडाभर आधी आलेला पावसाळा होता. घाटापलीकडे मात्र सूक्ष्म घडनिर्मितीचे नेमके तेच दिवस होते. पुढे पाऊस ऑक्टोबरच्या अखेरपर्यंत रेंगाळला. सप्टेंबरमध्ये सोलापूर आणि मराठवाड्यात पूर आले. फळछाटणी झाल्यावर अनेक बागांत फुटी जोमदार निघाल्या, पण त्यांवर घड नव्हते किंवा मोजकेच होते.

अशा नुकसानीचे दुखणे वेगळे असते. गारपिटीत बाग झोडपली गेली तर ती दिसते, पंचनामा होतो. घडच न लागलेली बाग लांबून पाहणाऱ्याला हिरवीगार आणि निरोगी दिसते. छाटणी, पेस्टिंग, खते, फवारण्या आणि मजुरी यांवर एकरी काही लाखांचा खर्च झालेला असतो आणि हातात फक्त पाने असतात. त्या वर्षी पीकच नाही, हे बागायतदाराला कळते तेव्हा कारण घडून पाच महिने झालेले असतात.

फळछाटणीनंतर कोणत्या टप्प्यावर काय बिघडते?

ऑक्टोबरनंतरचा प्रत्येक पंधरवडा वेगळी परीक्षा घेतो. डोळा नुकताच फुटून कोंब बाहेर येतो, तिला ‘पोंगा अवस्था’ म्हणतात. या वेळी पाऊस आला तर कोवळ्या फुटीत पाणी साचते, घड कुजतो किंवा जिरून जातो. पान ओले राहिले आणि हवा बेताची गार असली की डाऊनी मिल्ड्यू म्हणजे केवडा पसरतो. पानाच्या वरच्या बाजूस तेलकट पिवळे डाग आणि खालच्या बाजूस पांढरी बुरशी ही त्याची खूण. घडावर तो आला की औषधाचा उपयोग फारसा होत नाही.

पुढे फुलोरा येतो. तेव्हा पाऊस झाला तर परागीभवन बिघडते, फुले आणि कोवळे मणी गळतात. मणी ज्वारीच्या दाण्याएवढे झाले की डाऊनीची भीती थोडी कमी होते, पण पाऊस नसला तरी ढगाळ, दमट हवेत भुरी येते. शेवटच्या टप्प्यात मण्यात ‘पाणी उतरते’. मणी मऊ होतो, साखर भरू लागते, साल पातळ होते. या वेळी एकच सर पुरेशी ठरते. मुळांनी एकदम पाणी ओढले की साल ताणली जाऊन मण्यांना तडे जातात आणि तड्यांतून कूज शिरते.

गेल्या दीड दशकातील मोठे फटके या टप्प्यांवरच बसले. नोव्हेंबर २००९ मध्ये ‘फयान’ चक्रीवादळाच्या पावसाने फुलोऱ्याच्या आसपासच्या बागा गाठल्या. २०१९ मध्ये ऑक्टोबरच्या अखेरीपासून ‘क्यार’ आणि ‘महा’ या अरबी समुद्रातील लागोपाठच्या वादळांच्या काळात पाऊस लांबला. सटाणा परिसरात जून-जुलैमध्येच छाटणी करून नाताळाच्या आधी परदेशी बाजार गाठणाऱ्या आगाप बागांचे त्यात मोठे नुकसान झाले. २६ नोव्हेंबर २०२३ रोजी अवकाळी पाऊस आणि गारपिटीने निफाड, दिंडोरी भागातील भरात आलेल्या बागा झोडपल्या. यांपैकी कोणत्याही घटनेत वर्षाच्या एकूण पावसाचा आकडा फार सांगत नाही. काही तासांचा पाऊस चुकीच्या दिवशी आला, एवढेच.

थंडीचेही तसेच. गारवा हवा, पण मर्यादेत. डिसेंबर २०१८ च्या अखेरीस निफाडचा पारा दोन अंशांच्याही खाली गेला होता. तापमान फार उतरले की मुळांचे काम मंदावते, मण्यांची वाढ थांबते आणि हिरव्या द्राक्षांवर गुलाबी छटा येते. ‘पिंक बेरी’ म्हणून ओळखला जाणारा असा माल निर्यातीत नाकारला जातो. म्हणून अशा पहाटे निफाड, पिंपळगाव परिसरात बागांमध्ये शेकोट्या पेटतात आणि ठिबक सुरू करून विहिरीचे तुलनेने उबदार पाणी मुळांना दिले जाते.

खाण्याची द्राक्षे आणि वाइनची द्राक्षे यांत फरक काय?

हातगाडीवर मिळणारी थॉमसन, सोनाका, शरद सीडलेस ही खाण्याची द्राक्षे. मणी मोठा, बिनबियांचा, साल पातळ, घड देखणा. त्यांत साखर साधारण १८ ब्रिक्स झाली की काढणीयोग्य मानतात. ब्रिक्स म्हणजे रसातील विद्राव्य घटकांचे, मुख्यत्वे साखरेचे माप.

वाइनसाठीच्या जाती वेगळ्या. पांढऱ्या वाइनसाठी शेनिन ब्लां, सोव्हिन्यो ब्लां; लालसाठी शिराझ, कॅबरने सोव्हिन्यो, झिनफँडेल वगैरे. मणी लहान, बियांचा आणि सालीला जाड. रंग, तुरटपणा आणि बराचसा गंध सालीत असतो, त्यामुळे रसाच्या मानाने साल जास्त असणे इथे गुणाचे. काढणी साधारण २२ ते २४ ब्रिक्सला होते. यीस्ट या साखरेचे अल्कोहोल करते. या पातळीच्या रसातून साडेबारा ते चौदा टक्क्यांच्या आसपास अल्कोहोलची वाइन मिळते.

हवामानाच्या बाबतीत या फरकाचा अर्थ असा की वाइनच्या द्राक्षाला दिसण्याची फार चिंता नसते, पण ते वेलीवर अधिक काळ राहते. म्हणजे फेब्रुवारी-मार्चच्या वाढत्या उन्हाला आणि अवकाळीला ते अधिक काळ सामोरे जाते. तडा गेलेला मणी खाण्याच्या घडातून कात्रीने काढून टाकता येतो. वाइनच्या पेटीत तो गेला तर आंबलेल्या रसामुळे सबंध टाकीला व्हिनेगरचा वास लागण्याचा धोका असतो.

हवामान वाइनच्या चवीत कसे उतरते?

मणी पिकताना त्यात दोन गोष्टी एकाच वेळी घडतात. साखर वाढते आणि आम्ल घटते. द्राक्षात टार्टरिक आणि मॅलिक ही दोन मुख्य आम्ले असतात. त्यांतील मॅलिक आम्ल वेल श्वसनात खर्च करतो आणि उष्णता वाढली की हा खर्चही वाढतो. रात्र थंड असेल तर तो मंदावतो. नाशिकमध्ये डिसेंबर-जानेवारीत दिवसा २८-३० अंश आणि रात्री १० अंशांच्या आसपास तापमान असते. त्यामुळे दिवसा साखर भरते आणि रात्री आम्ल वाचते. रात्री उबदार राहिल्या तर गोडी लवकर येते, पण आंबटपणा हरवतो. अशी वाइन जड आणि बेचव लागते, टिकतही कमी. मग वाइन बनवणाऱ्याला टार्टरिक आम्ल वरून मिसळून तोल साधावा लागतो.

म्हणूनच काढणीचा क्रम हवामानावर ठरतो. फसफसणाऱ्या वाइनला आम्ल अधिक लागते, त्यामुळे तिची द्राक्षे सर्वांत आधी खुडतात. त्यानंतर पांढऱ्या वाइनच्या जाती आणि शेवटी लाल. शिराझ, कॅबरनेच्या सालीतला रंग आणि तुरटपणा पक्व व्हायला वेळ लागतो. फेब्रुवारीतच पारा ३५ अंशांकडे झेपावला तर साखर पुढे धावते आणि साल मागे राहते. थांबावे तर अल्कोहोल वाढते, खुडावे तर वाइन कच्ची तुरट होते. दरवर्षी हा निर्णय त्या आठवड्याचे हवामान पाहून घ्यावा लागतो. खुडणीही पहाटे किंवा रात्री करतात, कारण उन्हात तापलेली द्राक्षे कारखान्यात पोहोचेपर्यंत पेटीतच आंबू लागतात.

कारखान्यात शिरल्यावरही हवामान पाठ सोडत नाही. किण्वनात स्वतःची उष्णता निर्माण होते. पांढऱ्या वाइनचे किण्वन साधारण १२ ते १६ अंशांना आणि लाल वाइनचे २४ ते २८ अंशांना ठेवतात. त्यासाठी पोलादी टाक्यांभोवती थंड द्रव फिरवावा लागतो. युरोपात शरद ऋतूतील गारवा या कामाला हातभार लावतो. इथे किण्वन उन्हाळ्याच्या तोंडावर चालते, त्यामुळे विजेचा खर्च वाढतो. हा फरक मुंबईकरांना वेगळ्या रूपात परिचित आहे. उपनगरांतील गावठाणांत ईस्ट इंडियन कुटुंबे नाताळसाठी मनुका किंवा काळ्या द्राक्षांची वाइन बरणीत घालत आली आहेत. किनाऱ्यावरच्या २८-३० अंशांत ती बरणी झपाट्याने उकळ्या मारते. गोडवा आणि मसाल्याची चव उतरते, पण फळाचा नाजूक गंध बुडबुड्यांबरोबर उडून जातो. तो धरून ठेवायचा तर थंड टाकीच लागते.

राज्यात वाइन कुठे आणि कशी रुजली?

१९८० च्या दशकात श्यामराव चौगुले यांच्या ‘इंडेज’ने नारायणगावच्या द्राक्षांपासून फसफसणारी वाइन तयार करून परदेशात विकली. १९९० च्या दशकाच्या अखेरीस राजीव सामंत यांनी नाशिकजवळ गंगापूर धरणाच्या परिसरात वाइनच्या जाती लावल्या आणि २००० मध्ये ‘सुला’ची पहिली वाइन बाजारात आली. राज्य सरकारने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण आणले. नाशिकमधील विंचूर आणि सांगलीतील पलूस येथे वाइन पार्क झाले. ‘नाशिक व्हॅली वाइन’ला भौगोलिक मानांकनही मिळाले. म्हणजेच या वाइनची ओळख तिथल्या माती-हवामानाशी जोडलेली आहे, हे कायद्यानेही मान्य झाले.

सगळीकडचे हवामान मात्र सारखे नाही. गंगापूर, दिंडोरी परिसर घाटाजवळचा, तुलनेने गार. पांढऱ्या वाइनला अनुकूल. अकलूज परिसरात ‘फ्रातेली’ने बागा उभ्या केल्या, तिथे ऊन कडक आणि हवा कोरडी. सांगली, सोलापूरच्या कोरड्या हवेचा उपयोग प्रामुख्याने बेदाण्यासाठी होतो. शेडमधील जाळ्यांवर द्राक्षे पसरून ती वाऱ्यावर सुकवतात. तिथे फेब्रुवारी-मार्चमधील एक अवकाळी सर वेलीवरचा आणि शेडमधला असा दोन्ही माल काळवंडून टाकते.

जगात काय चालले आहे?

हवामानबदलाच्या जुन्या नोंदवह्यांपैकी एक द्राक्षांची आहे. फ्रान्समधील बोन या गावी १३५४ पासूनच्या काढणीच्या तारखा उपलब्ध आहेत. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार १९८८ नंतर तेथील काढणी आधीच्या शतकांतील सरासरीपेक्षा सुमारे १३ दिवस लवकर होऊ लागली आहे. लवकर ऊब आल्याने वेल लवकर फुटतो आणि मग उशिराची थंडी त्याला गाठते. एप्रिल २०२१ मध्ये फ्रान्समधील बागायतदारांनी कोवळ्या फुटी वाचवण्यासाठी वेलींच्या ओळींत हजारो मेणबत्त्या पेटवल्या होत्या. निफाडच्या शेकोट्यांचीच ही आवृत्ती. दुसरीकडे, एकेकाळी द्राक्षाला फार थंड मानला गेलेला दक्षिण इंग्लंड आता फसफसणाऱ्या वाइनसाठी नावारूपाला आला आहे. ब्राझीलमध्ये साओ फ्रान्सिस्को नदीच्या खोऱ्यात, विषुववृत्तापासून अवघ्या नऊ अंशांवर, कात्री आणि ठिबकाच्या जोरावर वर्षातून दोन काढण्याही घेतल्या जातात. तिथे आणि नाशिकमध्ये मोठा फरक आहे. तो प्रदेश अर्धशुष्क आहे, पाणी नदीचे आहे. ढगांवरचे अवलंबित्व कमी आहे.

बागायतदारांपुढे उपाय कोणते?

पहिला उपाय आच्छादनाचा. बागेवर प्लॅस्टिकचे छत घातले की पाऊस आणि हलकी गारपीट थेट घडावर येत नाही, पाने कोरडी राहतात, फवारण्या कमी होतात. मात्र त्याचा खर्च एकरी चार-पाच लाख रुपयांच्या घरात जातो. सरकारने अनुदानाची योजना आणली, पण लागवडीच्या मानाने तिचा आवाका लहान आहे. शिवाय छताखाली हवा कोंडली तर भुरी वाढते आणि ढगाळ हवेत आधीच कमी असलेला प्रकाश आणखी घटतो. मे-जूनच्या घडनिर्मितीचा प्रश्न त्याने सुटत नाही.

दुसरा उपाय छाटणीच्या तारखा विभागण्याचा. संपूर्ण बाग एकाच आठवड्यात न छाटता टप्प्याटप्प्याने छाटली तर एका पावसात सारे पीक सापडत नाही. काही बागायतदार खरड छाटणी मार्चमध्ये उरकून घडनिर्मितीचे दिवस पावसाआधी आणू पाहतात. पण त्यासाठी आधीची काढणी वेळेत संपावी लागते आणि कडक उन्हाळ्यात पाणी हाताशी असावे लागते.

तिसरा उपाय माहितीचा आणि वाणांचा. पुण्याजवळ मांजरी येथे १९९७ मध्ये सुरू झालेले राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र हवामानाच्या अंदाजानुसार फवारणी आणि पाण्याचे सल्ले देते. ‘मांजरी मेडिका’सारखे रसासाठीचे वाण तिथे तयार झाले. फळछाटणीआधी डोळे तपासून घडाचा अंदाज घेण्याची सोय आहे. पीक नसेल तर ते खर्च करण्याआधी कळते, हाही मोठा दिलासा असतो.

चौथा उपाय विम्याचा. हवामान आधारित फळपीक विमा योजनेत द्राक्षाचा समावेश आहे आणि अवेळी पाऊस, कमी तापमान, गारपीट यांसारखे धोके त्यात येतात. भरपाई मात्र महसूल मंडळातील हवामान केंद्राच्या नोंदीवर ठरते. केंद्रावर ऊन आणि चार गावे पलीकडच्या बागेत पाऊस, असे वारंवार होते. त्याहून मोठी अडचण वेळेची आहे. द्राक्षासाठीचे निकष मुख्यतः ऑक्टोबरच्या मध्यापासून पुढच्या हंगामावर बेतलेले आहेत. मे-जूनमध्ये डोळ्यातच जिरलेला घड त्या हिशेबात कुठेच बसत नाही. पावसाचे वेळापत्रक बदलले, कागदावरचे अजून जुनेच आहे.

हा प्रश्न किती मोठा आहे, हे निर्यातीच्या आकड्यांतून कळते. २०२३-२४ मध्ये देशातून सुमारे ३.४४ लाख टन द्राक्षे निर्यात झाली. त्यांचे मूल्य सुमारे ३,४६० कोटी रुपये होते. त्यातील बहुतांश माल महाराष्ट्राचा आणि त्यातही नाशिकचा. छाटणी, विरळणी, डिपिंग, काढणी, पॅकिंग या कामांसाठी पेठ, सुरगाणा आणि आसपासच्या आदिवासी भागातून येणाऱ्या मजुरांचा हंगामही याच वेलीवर अवलंबून असतो. घड लागला नाही तर त्यांनाही काम नसते.

ग्राहकाने काय लक्षात ठेवावे?

डिसेंबरमध्ये बाजारात येणारी द्राक्षे बहुधा आगाप छाटणीची असतात. दर जास्त आणि चव आंबटसर असण्याची शक्यता अधिक. गोडी हवी असेल तर फेब्रुवारी-मार्चपर्यंत थांबावे. मण्यावरचा पांढुरका थर हा बहुतेक वेळा नैसर्गिक मेणाचा असतो. तो ताजेपणाची खूण आहे. तरीही द्राक्षे वाहत्या पाण्याखाली धुऊनच खावीत. देठ हिरवा आणि लवचीक असेल तर घड ताजा समजावा. वाइनची बाटली मुंबईच्या उन्हाळ्यात स्वयंपाकघराच्या फडताळात किंवा बंद गाडीत ठेवू नये. १२ ते १८ अंशांची, अंधारी जागा तिला मानवते आणि तशी नसेल तर फ्रिज बरा.

आणि एखाद्या वर्षी हातगाडीवर द्राक्षे उशिरा आली, कमी आली किंवा महाग मिळाली, तर त्याचे कारण बहुतेकदा त्या महिन्यात सापडणार नाही. आदल्या मे महिन्यात ट्रॉम्बेत छत्री कधी बाहेर काढावी लागली होती, हे आठवले तर ते सापडेल.